दस्तूर

निपाणीत गुरुवारी पतसंस्थेचं शटर
साडेदहाला वर जातं
आणि तंबाखूची बारीक धूळ
माझ्या आधी आत येते, कीबोर्डावर बसते.
सर्व्हरला शिंक येत नाही, एवढंच.

पाटी कन्नडमध्ये, फॉर्म दोन्हीत,
नावाला रकाने दोन:
एकात सनदी,
दुसऱ्यातही सनदीच, फक्त गोलगोल.
तिसऱ्या रकान्याला लिपीच नाही.
ब्लॉब. इराण्णा मगदूम त्याला गाठोडं म्हणायचे.
"डेटाबेस गाठोडं सोडत न्हाई बघ.
ठेवतो. मागितलं की देतो.
वाचत काय न्हाई."
त्याचा क्रम लावता येत नाही,
हे त्याच्यासारखंच का, असं विचारता येत नाही,
अकारविल्हे तर सोडाच.

प्रोग्राम त्यांचाच, सीमध्ये लिहिलेला,
अध्येमध्ये एसक्यूएलच्या ओळी,
कन्नड बोलता बोलता मराठी यावी तशा.
निवृत्त होताना हातात पेनड्राइव्ह दिला
आणि म्हणाले, बफर ल्हान हाय, तेवढं बघून घे.

बघितलं नाही.
वर्षभर काउंटरवर अर्धेमुर्धे अंगठे दिसत राहिले,
वर रेघांचे भोवरे, खाली राखाडी पट्टा.
शकुताई म्हणाली, स्कॅनर जुना झालाय.
चूक कुठंच आली नाही.
अशा वेळी डेटाबेस ओरडत नाही,
शेजारच्या एका छोट्या आकड्यात हळूच सांगून ठेवतो:
उणे एक, म्हणजे इथं काही नव्हतंच.
शून्य, म्हणजे होतं तसं दिलं.
आणि तिसरंच काही, म्हणजे
तुझ्या भांड्यात मावेना, कापून दिलंय.
तो आकडा आम्ही कुणी वाचलाच नव्हता.

मग गाठोडं न मागता लोकेटर मागितला.
वखारीतल्या पोत्यांची पावती असते ना, तसा:
पावती खिशात, माल जागेवर.
तीही कमिटपर्यंतच.
व्यवहार मिटला की खिशात नुसता कागद.
तेवढ्यात उचलायचं,
पहिल्या बाइटपासून,
बत्तीस हजार सातशे सदुसष्ट एका खेपेला,
मग उरलेले आठ हजार चारशे एकोणपन्नास,
घमेल्यानं वाळू वाहावी तसं,
मग थांबायचं.

संध्याकाळपर्यंत सगळे अंगठे पुरे झाले.
शकुताईनं चहा सांगितला.

एक सोडून.
तायव्वा सनदी, खातं एकोणीसशे बारा.
पांढरट डाग. रेघ नाही, भोवरा नाही.
लूप तपासला.
मोजणी शून्यापासून की एकापासून, तेही तपासलं.
लांबी एकेचाळीस हजार दोनशे सोळा, पुरी.
इंडिकेटर शून्य.
चिकोडीला फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी.
"प्रोग्राम नको उसवूस. बिड्या वळतीया ती,
रोज हजार, चाळीस वर्सं.
बाइट समदे हायत.
रेघा तेवढ्या पानांवर गेल्या."

रिकामं वेगळं आणि नसलेलं वेगळं,
हे मॅन्युअलमध्ये आहे,
परीक्षेत त्यावर मला मार्कही मिळालेत.

पुढच्या गुरुवारी ती आली.
"बर्री, तायव्वा," शकुताई म्हणाली,
स्क्रीनकडे न बघता.
तिनं पॅडवर अंगठा दाबला, स्लिपवर टेकवला,
शाई केसांना पुसली.
जांभळा गोल, मधे काही नाही.
शकुताईनं शेजारी लिहिलं, हाताच्या सवयीनं:
निशाणी तायव्वा सनदी, दस्तूर,
आणि पुढं स्वतःचं नाव.

शटर पडल्यावर प्रोग्राम उघडला.
लूपच्या वर एक टिपण घातलं,
जे कंपायलर वाचत नाही,
माझ्यानंतर येणारा वाचेल:
खातं एकोणीसशे बारा. अंगठा कोरा दिसेल.
बरोबर आहे. दुरुस्त करू नये.
दस्तूर वैजू पावशे.