डोंगर असा नाही, प्रोफे

पोतोसी. सातवीचा वर्ग. आम्ही इतके उंचावर
की इथं चहा लवकर उकळतो आणि मुरत मात्र नाही.
प्रोजेक्टरचा दिवा मार्चमध्येच गेला.
येईल, म्हणाले मुख्याध्यापक.
तेव्हापासून मी सुतळी बांधते
खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत,
आणि कपड्यांचे चिमटे लावून
जग वाळत घालते.

चित्राखालची ओळ कागद चिकटवून झाकलेली.
सन नाही, राजा नाही, देश नाही.
आधी बघा, मी म्हणते. नावं कुठं पळून जात नाहीत.

पहिल्या चिमट्याला इजिप्तच्या थडग्यातली बदकं.
"बदकं सहा आणि पाय अकरा," रुफीना म्हणाली.
पंधरा वर्षं मी हे चित्र लावतेय,
पाय मोजले नव्हते.
मोजले. अकराच.
एक पाय भिंतीच्या पोपड्याबरोबर गळाला
की चित्रकार घाईत होता,
यावर हात वर झाले.
अठरा विरुद्ध नऊ. घाई जिंकली.

दुसऱ्याला चिनी बाजार:
रेशमाचे गठ्ठे, एक छोटा तराजू,
तराजू धरलेला माणूस फार सज्जन चेहऱ्याचा.
एलीसेओ, ज्याला धडा वाचताना घाम फुटतो,
तो लांबूनच म्हणाला, "अंगठा बघा त्याचा. दाबतोय."
शनिवारी तो आईबरोबर बटाट्याच्या ढिगामागं बसतो.
त्याला कोण शिकवणार?

तिसऱ्याला एक डोंगर.
दूरच्या कुठल्या शहरात, कुणी तांब्यावर कोरलेला,
साखरेच्या ढेपेसारखा निमुळता, गुळगुळीत.
त्यावर वळणाच्या वाटा, वाटांवर मुंगीएवढी माणसं,
आणि लामांना घोड्यांच्या माना.

वर्ग गप्प.
मग बाकं करकरली, सगळे एकदम खिडकीकडं वळले.
तिथं तो होताच, जन्मल्यापासून असतो तसा,
तांबूस, माथ्याशी खचलेला,
अंगभर उकरलेल्या मातीचे ओघळ.
"डोंगर असा नाही, प्रोफे."
"ह्यानं पाहिलाच नाही. ऐकून काढलाय."
"लामा तर स्वप्नातसुद्धा नाही पाहिला!"
हशा पिकला. तो ओसरताना
देल्फीनाचा आवाज आला, "मग त्यानं काय पाहिलं होतं?"

मी म्हटलं, चांदी.
चांदी सगळ्यांनी पाहिली होती.

ती उठली. चिमटा काढला,
आणि आमचा डोंगर नेऊन
चिनी तराजूच्या शेजारी टांगला.
मधे एक अख्खा महासागर होता,
माझ्या सुतळीवर वीतभर.
एलीसेओ पुटपुटला, "म्हणजे अंगठा आपल्यावर."

घंटा झाली तरी फ्रोइलान बसून राहिला.
त्याचा थोरला भाऊ यंदा आत उतरतो.
जवळ आला, चित्र नाकाशी धरलं.
"वर जायच्या वाटा आहेत," म्हणाला,
"आत जायच्या कुठायत?"
मला उत्तर सुचेपर्यंत
त्यानं कंपासचं टोक काढलं होतं
आणि एकेक भोक पाडत चालला होता,
जपून, जीभ दातांत धरून.
हे भावाचं. हे काकाचं. हे बंद पडलेलं.
हे कुणाचं ते माहीत नाही.

अडवायला हवं होतं. पुस्तक वाचनालयाचं,
पान मी आधीच सोडवून आणलेलं, न विचारता.
मी चित्र पुन्हा सुतळीला लावलं.
दुपारचं ऊन मागून आलं
आणि त्या गुळगुळीत ढेपेतून
सतरा जागी उजेड गळायला लागला.

खालची ओळ अजून झाकलेलीच आहे.
कागद ओढून काढायचा राहिला.
दोन्या ओब्दूलियाला वाचनालयात काय सांगायचं,
ते सोमवारी बघू.