दशांशानंतरची घरं

काच मोजायची तर काचेची बाटली चालत नाही,
हे पहिल्याच दिवशी बर्वेबाईंनी सांगितलं,
प्लॅस्टिकचा कॅन हातात देत.
काच पाण्यात थोडी थोडी उतरते,
मग कळत नाही कुणाची किती.

घरी आप्पांना सांगितलं. हसले नाहीत.
चाळीस वर्षं काच कापलेला माणूस,
कानामागे पेन्सिल, खिशात हिरकणी,
नायगावपासून दादरपर्यंत खिडक्याच खिडक्या त्यांच्या.
पाण्यात काच विरघळते?
म्हटलं, अगदी हळू.
मग आम्ही पैसे कमी घ्यायला हवे होते, म्हणाले.

ऑक्टोबरात वेसाव्याहून निघतो,
हरेश चिंचयची होडी, डिझेलचा वास,
खाडीचं पाणी दुधाविना चहासारखं.
आज काय मोजणार? तो विचारतो.
दगड, मी सांगते.
तो पाण्याकडे बघतो, मग माझ्याकडे.
खरंच दगड आहे रे.
सह्याद्रीचा काळा, पाण्यानं चाटून चाटून पातळ केलेला,
उल्हासनं आणलेला, मिठीनंसुद्धा
(ती तर काय काय आणते),
कुणाच्या डोळ्याला न दिसता इथवर पोचलेला.

त्याचंच घर बांधते डायटम.
एक पेशी, आणि साबणाच्या डबीसारखं घर:
एक डबी, एक झाकण,
दोन्हींवर जाळी, इतकी बारीक
की आप्पांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली तेव्हा
बराच वेळ डोळा न उचलता त्यांनी विचारलं,
कटर कुठला वापरते?

कटर नाही, आप्पा. भट्टीपण नाही.
थंड पाण्यात काच.

मग वाटण्या.
एकीच्या दोघी होतात तेव्हा
एक झाकण घेते, एक डबी,
आणि जिच्या वाट्याला डबी येते
ती डबीलाच झाकण समजून
आत मावेल असा खालचा भाग नवा घालते.
म्हणून त्या बाजूची लेक दर पिढीला लहान.
आमची परळची खोली अशीच:
आजोबांची एक, मग काकांचं पार्टिशन,
मग पार्टिशनमध्ये पार्टिशन,
शेवटी स्टोव्ह आणि झोपलेलं पोर एकाच फळीवर.
ती मात्र फार लहान झाली की
घरच टाकून देते.
उघडी होते, फुगते,
मूळ मापानं पुन्हा पहिल्यापासून बांधते.
आम्हाला ते जमलं नाही.
आम्ही विरारला गेलो.

तिला खाणाऱ्या कोपेपॉडच्या दातांनाही
सिलिकाचीच धार.
मेली तर अंगावरचं पातळ कातडं आधी जिवाणू खातात,
मग नुसत्या काचेला पाणी लागतं.
बुडता बुडता झिजते,
अर्धीअधिक वाटेतच परत पाणी होते,
ते दुसरी कुणी उचलते, बांधायला घेते.
तळाशी स्पंज बसलेला असतो,
तोही आपला वाटा काढतो, अंगात सुया करून.
शंभरातले तीनेक गाळात राहतात.
ते तीन मग कधीतरी दगड.
कधी? विचारलं, तर बर्वेबाई म्हणाल्या,
आपल्या पेन्शनच्या आत नाही.

प्रयोगशाळेत पाण्यात आम्ल, मग मॉलिब्डेट.
आधी पिवळं, मग निळं.
जितकं निळं तितकी काच.
नोव्हेंबरात नळी जवळजवळ कोरी राहिली.
चुकलं वाटलं मला, पुन्हा केलं, पुन्हा कोरी.
चुकलं नाही, बाई म्हणाल्या,
फुलोरा येऊन गेला. होती तेवढी सगळी बांधून झाली.

त्याच महिन्यात आप्पा गेले.
आणि नायगावच्या त्या तीन चाळी पाडल्या,
खिडक्या चौकटीसकट निघाल्या,
राबिटाचा एक डंपर रात्री खाडीकाठी रिकामा झाला.
चिंचयनं दाखवलं, चिखलात चमकत होतं.
बाईंना विचारलं, हे आपल्या आकड्यात येतं?
नगण्य, त्या म्हणाल्या, आणि बरोबरच होतं ते.

वहीत दशांशानंतर दोनच घरं लिहायची, असा नियम आहे.
त्या दिवशी
मी तिसरं लिहिलं.