आठ बोल्ट

मानवतच्या जुन्या जिनिंगात
इंजिनाचं आता नुसतं जोतं उरलंय
आणि जोत्यातून वर आलेले आठ बोल्ट.
एकाला कुणाची तरी शेळी बांधलेली.
इंजिन माझ्या जन्माआधीच गेलं,
भंगारात, किलोच्या भावानं.

मी टेप लावला. शेळीनं तो चाटून पाहिला.
बोल्ट ते बोल्ट, आडवं, उभं, तिरकं,
आणि आलं त्याला बारानं भागलं.

एवढ्या मापावर तीन वर्षं काढली.
चाक निघालं कडबाकुट्टीच्या फुटक्या बिडाच्या तुंब्यातून,
पितळ स्टोव्हचं,
बॉयलर आमच्या बंबाच्या मधल्या नळीचा.
"आता अंघोळ इंजिनावर करायची का?"
शोभनानं एवढंच विचारलं, आणि गॅसवर पातेलं ठेवलं.

सिलिंडर दोनदा वाया गेला.
एकदा दोन शतांश मिलिमीटर जास्त कापलं गेलं,
म्हणजे केस उभा चिरून तीन भाग केले
तर त्यातला एक.
दुसऱ्यांदा लाइट गेली
आणि टूल तसंच आत रुतून राहिलं.
अंधारात लेथवर हात ठेवून बसलो.
बसलेल्या बैलाच्या पाठीसारखा कोमट होता तो.

एक गोष्ट मात्र बोल्ट सांगेनात :
चाक फिरायचं कुणीकडून?
एक्सेंट्रिक क्रँकच्या पुढे बसवायचा,
पण पुढे म्हणजे कुठं
हे फिरणं कळल्याशिवाय कळत नाही.
मी आपलं घड्याळासारखं धरून चाललो होतो.

गयाबाई झोडपे पोरवयात तिथं सरकी वेचायला होती.
"म्या कुठं बगितलंय इंजन," ती म्हणाली,
"आमी भिताडाच्या अल्याड.
भोकातून निस्ता पट्टा यायचा."
कसा यायचा?
ती बोलली नाही. सूप मांडीवर ठेवलं,
उजवा हात उचलला,
वरून स्वतःकडे ओढला, खालून लांब नेला,
पुन्हा वरून,
एका लयीत, मी थांबा म्हणेपर्यंत.

माझं उलटं होतं.
त्या रात्री एवढासा ग्रब स्क्रू सैल करून
एक्सेंट्रिक पलीकडे फिरवला.

रविवारी तिला स्टुलावर बसवलं.
जारचं पाणी घातलं, चहाचा अर्धा कप;
बोअरच्या पाण्यानं नळीत खडू धरतो.
स्पिरिटचा दिवा लावला.
काटा दोनवर आला, तरी चाक हलेना.
बोटानं ढकललं. एक गचका. मागे आलं.
पुन्हा ढकललं
आणि ते तिच्या अंगावर येत फिरू लागलं,
शिवणयंत्राहून हळू आवाजात,
वाटीएवढ्या वाफेवर.

"असंच ना?" मी विचारलं.

गयाबाईनं हो म्हटलं नाही.
खोलीत कापसाचा कणही नव्हता,
तरी तिचा पदर नाकावर गेला होता
आणि दिवा विझेपर्यंत
तिनं तो तिथंच धरून ठेवला.