ठसा

हेम्मडग्याच्या नाक्यावर वहीत तीन नावं चढली.
'कारण' या रकान्यात इरण्णाने कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं,
खाली मी मराठीत,
त्याखाली बमू कोळापटेचा निळा अंगठा.
"तीन दिस," तो म्हणाला. "दोन जायला, एक यायला."
"असं कसं?"
"येताना वाट वळखती की ओ बाई आपल्याला."

मेणकापडात कागदाची गुंडाळी, शाई, ब्रश,
नाचणीच्या नऊ भाकऱ्या
आणि बेळगावचा कुंदा,
जो पहिल्याच रात्री मुंग्यांनी
शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढला.

कारवीतून बमू पुढे, टायरच्या चपला वाजू न देता.
मध्येच वाकला. शेणावर हाताची पालथी बाजू धरली.
"गवा हाय. आत्ताच गेलाय. त्याला म्होरं जाऊ दे."
अर्धा तास आम्ही त्या शेणापुढे उभे,
देवळातसुद्धा राहत नाही इतके गप्प.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे जोतं दिसलं.
मी लगेच वही काढली:
'जांभा दगड. पूर्वाभिमुख. काळ?'
इरण्णाने टेप लावली, चौदा फूट बाय नऊ.
बमू त्याच जोत्यावर बसून भाकरी सोडत होता.
"हितं म्हशी बांधायचो. त्या कोपऱ्यात चूल."
"कधी?"
"धाकटी सातवीत हाय. तिच्या बारशानंतर उठवलं आमाला."
त्याने चटणी पुढे केली.
'काळ'पुढचं प्रश्नचिन्ह मी खोडलं नाही.
टेप गुंडाळताना इरण्णाच्या हातून दोनदा सुटली.

उंबऱ्याच्या दगडावर उभ्या रेघा,
पाच झाल्या की एक आडवी.
"आईच्या. दुधाच्या. तिला कुठं लिवाय येत होतं?"
शेवटची ओळ तिसऱ्या रेघेवर थांबलेली.

देऊळ सांजेला सापडलं, म्हणजे त्याचं झाड सापडलं.
छत नाही, देव नाही,
गाभाऱ्यात एक साळिंदराचा काटा
आणि मुळाखाली अर्धा दबलेला दगड:
माथ्यावर चंद्र-सूर्य, खाली गाय, वासरू,
आणि शेवाळात बुडालेल्या अकरा ओळी.

सकाळी दगड धुतला. ओला कागद पसरला,
भाकरी थापावी तसा ब्रशने थापत गेले,
कागद अक्षरांत उतरेपर्यंत.
मग शाईचा बोळा, हलका, पुन्हा हलका.
काळ्यातून पांढरं वर आलं.
इरण्णा बोट न लावता वाचत होता:
"...ही भूमी... दिली... जो कोणी काढून घेईल, तो..."
"तो काय?" बमूने विचारलं.
"पुढचं मुळाखाली आहे."
बमूने मुळाकडे पाहिलं, कमरेच्या कोयत्याकडे पाहिलं.
कोयता तिथंच राहिला.
"असू दे. शाप हाय. झाकल्याला बरा."

परतीला तो जोत्याशी थांबला.
पाणी पीत, माझ्याकडे न बघता:
"कागद उरला काय ओ?"

उरला होता, हातभर.
त्याने स्वतः दगड धुतला, पागोट्याच्या टोकाने पुसला.
मी थापलं. शाई त्याने लावली, जरा जास्तच.
वाळेपर्यंत कुणी बोललं नाही,
वर शेकरू काहीतरी सोलून टरफलं टाकत होतं.
कागद सोडवला तेव्हा तो रेघा मोजू लागला,
ओठ हलत होते. अचानक हसला:
"कणकुंबीच्या हाटेलवाल्याकडं
तीन लिटर येणं हाय की अजून!"

नाक्यावर अंधार. वहीत परतल्याचा अंगठा हवा होता.
रखवालदाराने शाईचा डबा पुढे केला,
बमूचा अंगठा आधीच काळा.

"ह्या गुंडाळ्या कसल्या?"
"शासन," इरण्णा म्हणाला.
त्याच्या भाषेत शिलालेख.
आमच्या भाषेत सरकार.

बमूने आपला हातभर कागद
काखेत घट्ट धरला
आणि कंदिलाच्या उजेडाबाहेर सरकला.