तुमचं कोण मेलंय इथं

सेलूत अध्यक्षपदाला उभा राहिलाय
जनावरांचा डॉक्टर, येमूल.
मूळचा सोलापूरचा. घरात तेलुगू.
मराठीत रागावला की दोन्ही भाषा एकदम येतात.
एकोणीस वर्षं झाली.
गावातल्या निम्म्या म्हशींच्या पोटात
कोपरापर्यंत हात घालून रेडकं ओढलीत त्यानं,
तरी बाहेरचा.

मी गफार. मंडप, माईक, भोंगे.
सगळ्या पक्षांच्या सभेला माझंच मशीन.
ज्याची सुपारी त्याचा आवाज;
बेस जरा वाढवला
की कुणाचंही बोलणं भरदार वाटतं.

महिनाभर एकच विषय.
मोंढ्यात काट्यापाशी दादाराव लिपणे म्हणतो,
"भाड्याच्या घरात राहतो.
उद्या कुलूप लावून गेला
तर कुणाच्या दारात बोंबलायचं?"
सुंदराबाई घुगे पदर खोचते :
"माझी म्हैस जगत न्हाई, असं तोंडावर सांगितलं बाप्पा.
दुसऱ्यानं चार सलाईनचे पैसे लावले असते."
"म्हणूनच भ्या वाटतंय," पानवाला म्हणतो.
"खरं बोलणाऱ्याचं नगरपालिकेत काय काम?
निधी आणायला जीभ वाकडी लागती."
कुणीतरी म्हणालं,
आपल्यातल्यांनी खाल्लं, ते निदान गावातच राहिलं.
यावर सगळे बराच वेळ गप्प.
कुठं राहिलं ते आठवत असावेत.

शनिवारच्या सभेत विश्वंभर तौर उठला.
"डॉक्टर, एकच इचारतो.
माझा आजा इथं जळला, बाप इथं जळला.
तुमचं कोण मेलंय इथं?"
टाळ्या पडल्या. शिट्ट्या.
वाक्य चांगलंच होतं,
सवयीनं माझं बोट बटणावर गेलं
आणि टाळ्या आणखी मोठ्या झाल्या.

येमूलनं माईक तोंडाच्या फार जवळ धरला.
सांगून थकलो, एक वीत लांब धरा.
त्याचा श्वास चारी भोंग्यांतून
पार स्टेशनापर्यंत गेला.
मग म्हणाला,
"पाण्याच्या टाकीचं सांगतो."
आणि टाकीचंच सांगत राहिला.

पोळ्याच्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट, सोळा वर्षांपूर्वीची.
माझ्याच टेम्पोत, भोंगे काढून,
तो मागं बसला होता.
मांडीवर पंचा. पंचात जे होतं
ते एका हाताएवढंही नव्हतं.
बाई दवाखान्यात, शुद्धीवर यायची होती.
दुधनेच्या काठी बाभळीखाली
मंडपाच्या पहारीनं मी खड्डा खणला.
मीठ टाकतात हे त्याला माहीत नव्हतं;
मला माहीत होतं, घरून आणलं होतं.
नाव ठेवलं नव्हतं अजून.
परत येताना त्यानं टेम्पोचं भाडं विचारलं,
मी सांगितलं.
त्यानं दिलं आणि मी घेतलं.

आता माईक माझा, वायर माझी.
हॅलो म्हणून एवढंच बोलायचं,
गाव उभं राहील. तौर खाली बसेल.
पण ते मढं माझं नाही.
आणि दादारावला मी ओळखतो,
तो हेही म्हणेल :
एवढं पोटात दाबून ठेवणारा
उद्या टेंडर कुठं दाबील, सांगता येतं का?
खोटं कशाला, रात्री झोपताना
मलाही एकदा तसं वाटून गेलं.
दुसऱ्या कुशीवर वळलो तव्हा उलटंही वाटलं.

सभा संपली. कुत्री सतरंजीवर आली.
मी कोपराला वायर गुंडाळत होतो.
येमूल आला, खिशात हात घालून.
"किती झाले, गफारभाई?"
"बावीसशे."
त्यानं मोजून दिले. मी मोजून घेतले.
शंभर जास्त निघाले, ते परत केले.
मग तो म्हणाला, टाकीचा खालचा व्हॉल्व्हच खराब आहे.
मी म्हणालो, हो, तोच.