तीनास एक

बॅलिनरोबच्या शर्यतीला, रेलिंगपाशी,
मलाकी टूहिग फळीवर खडूने भाव लिहायचा,
मी, चौदा वर्षांची, त्याची वही धरायचे.

"तीनास एक म्हणजे तृतीयांश नव्हे, पोरी.
हरण्याचे तीन, जिंकण्याचा एक.
बेरीज चार. चारातला एक.
छेदात स्वतःलाही मोजायचं असतं."

वारा सुटला की खडूची पूड त्याच्या मिशीत.
"आता इथली करडी घोडी, चारास एक.
संध्याकाळी कॉर्कला तो काळा, तीनास एक.
तिला तो ठाऊक नाही, त्याला ती नाही,
म्हणून गुणायचं."

पाचातला एक, त्यातला पुन्हा चारातला एक.
विसातला एक.
"भाव बोल."
"एकोणीसास एक."
मग खिशातलं, तंबाखूच्या वासाचं पेपरमिंट.

काल गॉलवेच्या इस्पितळात
डॉक्टरीण डिम्फनाबद्दल सांगत होती:
हृदय सावरेल, चारातली एक शक्यता.
मूत्रपिंडं, पाचातली एक.
माझे ओठ हलायला लागले. जुनी खोड.

मलाकीने मनगट धरलं.
"थांब. ही एकाच घरातली माणसं.
एकाला धाप लागली की दुसरा उठून बसतो.
इथे गुणायचं नाही."

"मग?"

तो पार्किंगच्या पावतीमागे पेन्सिलीने
बराच वेळ काही लिहीत होता.
खाली कॉफी आणायला गेला तेव्हा पाहिलं:

वर डिम्फना.
आडवी रेघ.
खाली, डिम्फना अधिक मलाकी.

उत्तर काढलेलं नव्हतं.
पावतीची वेळ टळून गेली होती.