सहभागी क्रमांक अकरा

ओउलू. दुपारचे अडीच, आणि रस्त्यावर दिवे लागलेले.
कालेर्वो युलितालो, वय एकोणसत्तर,
चौतीस वर्षं लाकूडगिरणीत,
खुर्चीत असे बसलेत जणू दाढ काढायला आलेत.
हेडसेटचा पट्टा मी मागून आवळते.
"काय दिसतंय?"
"टेबल. पण टेकायला गेलो तर नाही."

काम पहिलं : निळा ठोकळा उचलून फळीवर ठेवा.
अंगठा तर्जनीला टेकला की पकड बसते.
सूचनापत्रातलं हे वाक्य माझंच,
पाची बोटांनी टाइप केलेलं.

त्यांची उजवी तर्जनी एका पेरापाशी संपते.
हे अर्जात नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

ते चिमूट मिटत नेतात, कातडीला कातडी लागेपर्यंत.
तोवर आत ठोकळा केव्हाच उचलला जाऊन
पडलेलाही असतो.
एकदा. दोनदा. चौथ्यांदा खांदा भरून येतो;
हवेला कोपर टेकवता येत नाही.

मग ते थांबतात.
हात डोळ्यांसमोर धरतात, उलटा, सुलटा.
"इथं नख आहे," म्हणतात.
"एक्क्याऐंशीच्या मार्चपासून नव्हतं."

ज्या हजारो हातांवरून यंत्र शिकलं
त्यांतला एकही करवतीच्या वाटेला गेला नसावा.
पाचही बोटं सारखी नसतात, हे त्याला ठाऊक होतं.
चारच असू शकतात, हे नाही.
दिसली जागा रिकामी, भरून टाकली,
एखादी गृहिणी न विचारता वाढते तशी.

डाव्या हातानं ते त्या बोटाला शिवायला जातात.
हातावर हात आला की आमचे कॅमेरे गोंधळतात :
दोन्ही हात गायब.
ते हात दूर नेतात. वाट बघतात.
हात येतात. बोटही येतं.
पुन्हा शिवायला जातात.
स्टॉपवॉच माझ्या मांडीवर चालू आहे
आणि मी ते बंद करत नाही, सुरूही ठेवत नाही म्हणा,
नुसतं उपडं घालते.

नंतर कॉफी. वेलदोड्याचा पाव.
कप त्यांनी धरला मधल्या बोटानं आणि अंगठ्यानं,
थोटकं कडेला टेकवून,
थेंब सांडला नाही.
"ते दुरुस्त करणार ना तुम्ही?"
"हो. पुढच्या आवृत्तीत."
त्यांनी पाव कॉफीत बुडवला.
"घाई नका करू."

अहवालात : काम अपूर्ण. चुका सात.
कुणाच्या, असा रकाना नाही.